मसुरीचा खुळखुळा

११ जानेवारी

प्लामेन म्हणाला, नेवेना काय काय करते ते रोज लिहून ठेव, मी परत आलो की वाचेन. नवरा माझा जर्मनीत कोंबड्या कापायच्या कारखान्यात आहे. ठीक आहे. त्याच्यासाठी वेगळं लिहीन, आज हसली, आज पालथी पडली, असलं. हे त्याला दाखवणार नाही. मी आठवीत शाळा सोडली, चुका होतील, पण इथं खरं लिहिते.

खरं हे की माझी पोरगी माझ्याकडे वळत नाही.

सहा महिन्यांची झाली. मी खोलीत आले, हाक मारली, नेवी, नेवी ग, तरी ती आपली पडद्याकडे बघत राहते. सासूबाई आल्या की लगेच मान फिरवते, हातपाय झाडते, तोंडभर हसते. पाजते मी, धुते मी, कडेवर घेऊन फिरते मी, आणि वळते त्यांच्याकडे. मी अगदी तोंडासमोर गेले तर हसते. पण तोंडासमोर गेलं तर ती मांजराकडे बघूनही हसते.

आईला फोनवर सांगितलं. ती म्हणाली, "पोर पोटात असल्यापासून आईचा आवाज ओळखतं. तू बोलतच नसशील तिच्याशी. लहानपणापासून तू अशीच घुमी."

म्हणजे माझंच चुकतंय. मला भीती वाटते. पोरीला मी आवडत नाही, असं कुठं असतं का? कुणाला विचारू.

१४ जानेवारी

आज मुखवटेवाले आले होते, नव्या वर्षाची इडापिडा पळवायला. अंगावर बकऱ्याची कातडी, डोक्यावर पिसांचे हे एवढाले मुखवटे, कमरेला घंटा. एवढा आवाज की छातीत धडधडतं. चौकातली सगळी पोरं किंचाळत होती. शेजारच्या डोच्काचा बोरील, आमच्या नेवेनापेक्षा पंधरा दिवसांनी मोठा, तो तर रडून रडून निळा पडला.

नेवेना रडली नाही. माझ्या कडेवरून पुढं झुकून त्या पिसांना हात लावायला बघत होती.

डोच्का म्हणाली, "ही तुझी पोर मोठेपणी पोलिसात जाणार बघ. माझं हे रत्न तर घंटेला भिऊन लग्नाला सुद्धा चर्चमध्ये जायचं नाही."

सगळ्यांनी कौतुक केलं. मलाही बरं वाटलं. कुणीतरी माझ्या पोरीला चांगलं म्हणालं.

१९ जानेवारी

वाचनालयाच्या पेन्कोवा बाईंनी हॉलच्या दारावर कागद लावलाय. एक मार्चला मार्तेनित्सांची अदलाबदल होणार. दरवर्षीच होते. एक मार्चला लाल आणि पांढरी लोकर पिळून ती सगळ्यांनी एकमेकांच्या मनगटाला बांधायची, वर्ष निरोगी जावं म्हणून, आणि झाडाला पहिला बहर दिसला की काढून त्याच्या फांदीला बांधायची. पण यंदा बाईंनी नवीन काढलंय. विकतचं काही चालणार नाही. घरातली जुनी लोकर उसवायची, बाकी सगळं फेकायच्या वस्तूंतून.

आणि ज्यांना वर्षात मूल झालंय त्यांनी खुळखुळा लावलेली मार्तेनित्सा करायची. यंदा तिघीच आहोत, मी, डोच्का आणि खालच्या आळीतली स्तेल्का. चिठ्ठ्या टाकून एकमेकींना द्यायच्या, कारण आपल्या हातची आपल्या घरात बांधत नाहीत. मग सगळ्या गावासमोर पोराला कुणाच्या तरी मांडीवर बसवायचं, आईनं मागं उभं राहून खुळखुळा वाजवायचा. पोर आईकडे वळलं की टाळ्या, आणि मग ती मनगटाला बांधायची. आमच्या गावात याला वळवणं म्हणतात.

न वळलेलं पोर आजपर्यंत कुणी बघितलेलं नाही. मी बाईंना विचारलं, सहज विचारल्यासारखं, "आणि नाही वळलं तर?"

बाई हसल्या. "आईकडे कसं नाही वळणार, मुली? काहीतरीच तुझं."

मी घरी आले आणि घासलेलीच भांडी परत घासली. सगळं गाव बघणार.

२७ जानेवारी

ठरवलंय. आत्तापासून खुळखुळा करायचा आणि तिला सवय लावायची. रोज वाजवला तर वळेल.

प्लामेनचा जुना लाल स्वेटर उसवायला घेतला. कसरीनं जागोजागी खाल्लाय. दोन हात लोकर निघते की तुटते. गाठ मारा, परत ओढा, परत तुटते. निघालेली लोकर शेवयांसारखी कुरळी, पीळ बसेना. पांढऱ्यासाठी सासूबाईंनी त्यांची जुनी शाल दिली. देताना दोनदा पाय आपटला, मग माझ्या दंडाला धरून, तोंडासमोर तोंड आणून म्हणाल्या, "नीट. उसव." मी काय बहिरी आहे?

बहिऱ्या त्या आहेत. जन्मभर कापडगिरणीत मागावर होत्या. तिथल्या बायकांचे सगळ्यांचेच कान गेले. एकमेकींचे ओठ बघून बोलायच्या. अजून तशाच बोलतात. कुणाकडे जायचं तर आधी जमिनीच्या लाकडी फळ्यांवर टाच आपटायची, मग हात लावायचा, मग नाकाला नाक लावून बोलायचं, भुवया वर खाली करत. दाराला घंटा नाही आमच्या, प्लामेननं दिवा बसवलाय, बटण दाबलं की स्वयंपाकघरात लागतो. टीव्हीचा आवाज एवढा मोठा असतो की काचा हलतात. पोर मात्र त्यातही गाढ झोपते. तेवढं एक सुख.

मी खिडकीशी बसून काम करते, उजेड तिथंच आहे. नेवेना मागं चटईवर असते. काम करता करता मी गाणी म्हणते तिच्यासाठी. आई म्हणाली ना, बोलत जा. घसा बसला.

३ फेब्रुवारी

आज मला स्वतःचाच एवढा राग आलाय की लिहू की नको असं झालंय.

उसवलेली लोकर धुवून, खाली वजन बांधून वाळवली की सरळ होते. हे मला माहीत होतं. एवढंच माहीत होतं. लाल आणि पांढरी एकाच टबात टाकली. गरम पाण्यात. परत येऊन बघते तर टबात बीटाची चटणी. पांढरी सगळी गुलाबी.

सासूबाई टबाशी उभ्या राहिल्या. मग माझ्याकडे बघून, "लाल आणि पांढरं एका पाण्यात? कुणी शिकवलं तुला?"

"कुणीच नाही."

"ते दिसतंय."

तीनदा धुतली. गुलाबीच. डोच्का आली, दोरीवर टांगलेली लोकर बघितली, म्हणाली, "अगं, मार्तेनित्सा लाजली वाटतं तुझी."

मलाही हसू आलं, पण ती गेल्यावर रडले. घरात दुसरी पांढरी लोकर नाही. लाल-गुलाबीची मार्तेनित्सा नसते. कुणाच्या पोराला मी ही बांधू?

४ फेब्रुवारी

पांढऱ्या प्लास्टिकच्या पिशव्या कापून पट्ट्या केल्या आणि त्या लाल लोकरीबरोबर पिळायला बघितल्या. सुळकन सुटतात. एक टोक दाराच्या कडीला बांधलं, दुसरं हातात धरून पिळत बसले, पीळ भरला, दुमडायला गेले तर सगळं सापासारखं उसळून तोंडावर आलं. सासूबाई बघत होत्या. म्हणाल्या, "पोराच्या हाताला पिशवी बांधणार होय? बाजाराला पाठवायचंय त्याला?"

आणि नेवेनाकडे वळून भुवया उडवल्या. नेवेना खदखदून हसली. दोघी मिळून माझ्यावर हसतात.

१२ फेब्रुवारी

चॉकलेटच्या अंड्यातून खेळणं निघतं ना, त्याची पिवळी डबी मिळाली, बोरीलच्या थोरल्या बहिणीकडून. त्यात मसूर भरली. वरून लाल आणि गुलाबी लोकर गुंडाळली, खाली गोंडा लावला. बाहुली करायची होती, पण तोंड बसेना, बटाट्यासारखी दिसायला लागली, सोडून दिलं. पण वाजते छान. खुळखुळ, खुळखुळ.

नेवेनाच्या मागं बसून वाजवला. नाही वळली.

वाटलं आवाज बारीक आहे. मसूर काढून पांढरा घेवडा घातला. नाही. घेवडा काढून बटणं. नाही. मग बाटल्यांची पत्र्याची झाकणं तारेत ओवली आणि तिच्या डोक्यामागं एवढी खडखडवली की मांजर उडी मारून कपाटावर गेलं. पोरगी आपली मूठ तोंडात घालून मुठीकडे बघतेय.

मी म्हटलं, नेवी, बघ ना ग. एकदा बघ.

तेवढ्यात झाकणावर ऊन पडलं आणि भिंतीवर कवडसा नाचला. त्याच्याकडे लगेच मान फिरवली. कवडसा जाईल तिकडे डोळे.

म्हणजे वळता येतं. मान चांगली आहे, डोळे चांगले आहेत. कवडशाकडे वळते, आजीकडे वळते, फोनमध्ये बापाचं तोंड उजळलं की त्याच्याकडे वळते. राहिले मी.

शेवटी मसूरच परत भरली. चार दाणे दिवाणाखाली गेले ते गेले.

१८ फेब्रुवारी

बसनं तालुक्याला गेले डॉक्टरबाईंकडे. रस्ताभर मनात घोकलं, काय सांगायचं ते. आत गेले आणि घोकलेलं सगळं विसरले. त्यांची टेबलावर बोटं वाजत होती, बाहेर रांग होती.

"बाळ खातंय? झोपतंय?"

"हो. झोपते. काही केलं तरी उठत नाही."

"मग नशीबवान आहात. बाकीच्या आया इथं रडत येतात."

मी म्हटलं, "ती माझ्याकडे वळत नाही."

"वळत नाही म्हणजे?"

"हाक मारली की."

त्यांनी नेवेनाच्या तोंडासमोर चुटकी वाजवली. नेवेनानं बोटांकडे बघितलं, हसली. "बघा, वळली. शांत मूल आहे. तुम्हीच घाबरट आहात, आणि ते मुलाला कळतं. जरा मोकळ्या व्हा तिच्याशी."

मोकळ्या व्हा. कसं व्हायचं ते नाही सांगितलं. परत येताना बसमध्ये मी तिच्याशी मोकळेपणानं बोलायला लागले तर शेजारची बाई उठून दुसरीकडे बसली.

पण डॉक्टरबाई म्हणाल्या ते आईही म्हणाली होती. दोघी खोटं कशाला बोलतील. पोरीला माझी भीती कळते आणि म्हणून ती तोंड फिरवते.

२४ फेब्रुवारी

आज बोलून टाकलं.

नेवेना झोपेतून उठून चटईवर खेळत होती. मी दारातून हाक मारली, काही नाही. माझ्या मागून सासूबाई आल्या, टाच आपटली, धप धप, आणि पोरगी गर्रकन वळली, दोन्ही हात पसरले. त्यांनी उचललं, मुके घेतले, परत चटईवर ठेवून स्वयंपाकघरात गेल्या. मी मागं गेले. त्या मोरीत भांडी घासत होत्या.

मी म्हटलं, "तुम्ही तोडलीत माझी पोर. तुमचा मुलगा तिकडे गेला, तुम्हाला करमत नाही, म्हणून माझी पोर घेतलीत. दिवसभर तिच्या तोंडाला तोंड लावून बसता. मला आई म्हणून ठेवलंत की दाई म्हणून?"

त्या भांडी घासत राहिल्या. पाठ माझ्याकडे होती.

मी तशीच उभी राहिले. मग त्यांनी पातेलं पालथं घातलं, वळल्या, मला बघून दचकल्या. "कधी आलीस? काही हवं का?"

मी म्हटलं, "नाही."

एवढं आयुष्यात पहिल्यांदा कुणाला तोंडावर बोलले आणि तेही तोंडावर नव्हतं.

२८ फेब्रुवारी

उद्या. मी म्हटलं, नेवेनाला सर्दी झालीय, नाही जात. सासूबाईंनी तिच्या नाकाला हात लावला, माझ्याकडे बघितलं, आणि तिचा पांढरा झगा इस्त्रीला घेतला. बानित्साही भाजून ठेवलीय, पापुद्र्यांची, आत चीज घालून, हॉलवर न्यायला. उद्या पोर त्यांच्याच मांडीवर बसणार. मीच हो म्हटलं, नाही कसं म्हणू.

डोच्का कुंपणावरून ओरडली, "तुझी ती लाजरी झाली का तयार?"

"झाली. बटाट्यासारखी दिसते."

"दिसू दे. वाजते ना? माझा बोरील कशालाही वळतो. काल टॉयलेटच्या दाराला वळला."

तिला सगळं सोपं. मी झोपेत सुद्धा वाजवतेय तो खुळखुळा.

१ मार्च

आजचं आजच लिहिते.

हॉल भरला होता. लांब टेबलावर सगळ्यांच्या मार्तेनित्सा मांडलेल्या, बाटलीच्या बुचांच्या, जुन्या बटणांच्या, एकानं तर सायकलच्या ट्यूबचं बाहुला-बाहुलीचं जोडपं केलं होतं. माझी सगळ्यांत गुलाबी. पेन्कोवा बाईंनी उचलून वाजवून बघितली, म्हणाल्या, "आवाज गोड आहे." रंगाबद्दल काही बोलल्या नाहीत, तेही कळलं.

चिठ्ठ्या निघाल्या. माझी डोच्काला. स्तेल्काला तिचीच आली, म्हणून तिला पेन्कोवा बाईंनी केलेली जादाची. मला डोच्काची. तिनं लोकर अशी घट्ट पिळलीय की तार वाटावी, आणि खाली विकून टाकलेल्या शेळीच्या गळ्यातली घंटा. खरी पितळेची. मला वाटलं, देवा, बरं झालं. घंटा आहे. घंटेला तरी वळेल.

आधी बोरील. स्तेल्काच्या मांडीवर बसला, डोच्कानं मागून माझा खुळखुळा वाजवला, एकदाच, हळूच. तो लगेच वळला. हॉलभर टाळ्या. माझ्या मसुरीला, जिला माझ्या पोरीनं पंधरा दिवस दाद दिली नाही.

मग स्तेल्काचं पोर, तेही वळलं.

मग आम्ही. सासूबाई खुर्चीत बसल्या, नेवेना मांडीवर, दोघींची तोंडं लोकांकडे. मी मागं उभी राहिले. हॉल शांत झाला. मी घंटा वाजवली.

हॉलमधली माणसं माझ्याकडे बघायला लागली. नेवेना समोरच्या बाईच्या टोपीकडे बघत होती.

परत वाजवली. जोरात. कोपऱ्यातलं झोपलेलं पोर उठून रडायला लागलं. मागून कुणीतरी म्हणालं, "अजून एकदा, राली." परत वाजवली. मनगट दुखेपर्यंत. पहिल्या रांगेतल्या लोकांनी खाली बघितलं. ते मला सगळ्यांत जास्त लागलं, ते खाली बघणं.

आणि तेवढ्यात सासूबाई मान मागं वळवून, त्यांच्या त्या मोठ्या आवाजात, सगळ्या हॉलसमोर म्हणाल्या, "अगं वाजव ना. वाजवलंस का?"

कुणीतरी हसलं. दोन-तीन जण हसले.

मला वाटलं जमीन फाटावी. तीनदा वाजवली, सगळ्या गावानं ऐकली, आणि ही म्हातारी विचारते वाजवलंस का. कान नाहीत तर गप्प बसावं. सगळ्या हॉलमध्ये दोघीच होत्या ज्यांना घंटा वाजलेली कळली नाही, ती आणि तिची लाडकी.

डोच्का पुढं आली, माझ्या हातातून घंटा घेतली आणि नेवेनाच्या मनगटाला बांधली. "वळली नाही तर नाही. हात आहे ना तिला." मग मोठ्यानं, "बानित्सा कोण वाढतंय, का बघतच बसायचं?" चांगली आहे डोच्का. मी तिच्याकडेही बघू शकले नाही.

घरी येताना सासूबाईंनी पोरीला माझ्याकडे दिलंच नाही. कशाला देतील. जिंकल्या त्या.

२ मार्च

सकाळी सासूबाईंनी टाच आपटली नाही. येऊन माझ्यासमोर बसल्या. डोळे सुजलेले होते. टेबलावर त्यांनी मोठ्या पातेल्याचं झाकण आणि डाव ठेवला.

"मी हिला घेऊन बसते," म्हणाल्या. "तू मागं जा. चपला काढ. फळ्यांवर नको, गालिच्यावर उभी राहा. तिच्या अंगावर सावली पडू देऊ नकोस. मग वाजव. आणि पुढं येऊन मला सांग, वाजलं की नाही. मला कळणार नाही."

मला वाटलं आता घरात पण वळवणं. मी म्हटलं, "कशाला?" त्यांनी माझे ओठ बघितले आणि डाव माझ्या हातात दिला.

वाजवलं. बाहेर डोच्काचा कुत्रा भुंकायला लागला. नेवेना आजीच्या एप्रनचं बटण ओढत होती. ओढतच राहिली. मी अजून जवळ गेले, कानाशी वाजवलं. बटण.

मी पुढं आले. "वाजलं."

"मोठ्यानं?"

"खूप मोठ्यानं."

त्यांनी डोळे मिटले. मग नेवेनाच्या कानावर हात ठेवला आणि तसाच राहू दिला.

"काल मी तुला विचारलं, वाजवलंस का," त्या म्हणाल्या. आवाज पहिल्यांदा बारीक होता, त्यांना तो कळतही नसेल. "लोक हसले. मी खाली बघितलं तर ही पण माझ्यासारखीच बसलेली. मला वाटायचं राली, घरात एक तरी माणूस माझ्या तोंडाकडे बघून ऐकतंय. मला बरं वाटायचं ग. त्यापुढं माझं डोकं चाललंच नाही. मला कुठं कळतं, कशाचा आवाज होतो आणि कशाचा नाही."

मी काय बोलले मला आठवत नाही नीट. एवढं आठवतं, मी विचारलं, "मग ती माझ्यावर रुसलेली नाही?"

"कशाला रुसेल? तू नेहमी मागून येतेस."

मी कालचं वर लिहिलेलं वाचलं. स्वतःच लिहिलंय, दोघीच होत्या. लिहून सुद्धा कळलं नाही.

दुपारभर मी तिला मांडीवर घेऊन बसले. आधी मला बरं वाटलं, तिचा राग नाही म्हणून. आणि मग बरं वाटलं याचीच लाज वाटली.

५ मार्च

डॉक्टरबाईंकडे परत. या वेळी सासूबाई बरोबर. मी उभं राहूनच बोलले. "माझ्या मुलीला ऐकू येत नाही. तोंडासमोर चुटकी वाजवू नका, ती बघून वळते. मागून वाजवा."

त्यांनी मागून टाळी वाजवली. मग लोखंडी ट्रे आपटला. मग कागद लिहायला घेतला, सोफियाच्या कानाच्या डॉक्टरांसाठी. लिहिता लिहिता म्हणतात, "हे तुम्ही आधीच का नाही सांगितलंत?"

माझ्या तोंडात जे आलं ते इथं लिहिणार नाही.

सोफियाची तारीख एप्रिलची मिळाली. तोवर काय करायचं? थांबा, म्हणाल्या. यंत्र बसेल का, बोलेल का, शाळेत जाईल का? ते तिकडे सांगतील. सगळे नुसते तिकडेच पाठवतात.

संध्याकाळी प्लामेनला सांगितलं. तो फोनच्या अगदी जवळ आला. मग त्यानं पडद्यासमोर हात हलवला. नेवेनानं बघितलं, हसली. तो हात हलवतच राहिला.

१४ मार्च

आता मी खिडकीकडे पाठ करून बसते, नेवेनाकडे तोंड. उजेड मागून येतो, हातांवर सावली पडते, टाके चुकतात. एकच गोंडा दोनदा उसवला. उरलेल्या गुलाबी लोकरीचं काहीतरी लांब, झुलणारं करतेय, पाळण्यावर टांगायला. लाजली तर लाजली. बाहुलीचं तोंड अजूनही बटाट्यासारखंच येतं, तरी नेवेना त्याच्याकडे बघून हसते.

सासूबाई मला गिरणीतलं बोलणं शिकवतात, ओठ हलवून आणि हातांच्या खुणांनी. इकडे ये, भूक लागली, धागा तुटला, साहेब येतोय. मी म्हटलं, "साहेब येतोय हे तिला कशाला?" त्या म्हणाल्या, "शिकून ठेव, प्लामेन येईल तेव्हा लागेल." पहिल्यांदा आम्ही दोघी एका गोष्टीला हसलो. मग त्यांनी चुकीचं केलं म्हणून माझ्या बोटांवर चापट मारली. पाच वेळा तेच करून घेतलं. मी वैतागून उठून गेले.

शेळीची घंटा मी काढायला निघाले होते. काय उपयोग, डोळ्यांसमोर नुसती लोंबते. सासूबाईंनी हात धरला. नेवेनाचं मनगट हलवलं आणि माझं बोट घंटेवर ठेवलं. पितळ आतून थरथरत होतं. "हे तिला कळतं," म्हणाल्या. मग राहू दिली. आलुबुखाराच्या झाडाला अजून एक फूल नाही. यंदा सगळंच उशिरा.

आज सकाळी ती चटईवर बसली होती, माझ्याकडे पाठ, घंटा तोंडात. मी दारात उभी राहिले. जिभेवर तिचं नाव आलं होतं, ते गिळलं. फळीवर टाच आपटली, दोनदा.

तिनं घंटा तोंडातून काढली. आधी फळीकडे बघितलं, मग वळून वर, माझ्याकडे.